पाहुण्यांच्या खुर्च्या

हॅलिफॅक्सच्या स्पोर्ट्स हॉलमागे
जिथे बॅडमिंटनची जाळी गुंडाळून टाकतात,
तिथे दोन रात्रींपुरतं माझं दुकान.
पंप, पाने, आऱ्यांची जुडी, अकरा ट्यूब
आणि ऑस्ट्रेलियाच्या नऊ खुर्च्या.
त्यांचा मेकॅनिक हलला शिंपले खाऊन आडवा झाला,
म्हणून सायकलवाल्या तांबटांना फोन.

खुर्च्यांची चाकं खाली फाकलेली,
पैलवान पवित्र्यात उभा राहतो तशी.
हात फिरवला की कळतं कोण कसा खेळतो.
लॅकलन पेट्राकिसचा सगळा मार डाव्या चाकावर,
म्हणजे गडी उजवीकडे बघत डावीकडे घुसतो.
हे मी कुणाला सांगितलं नाही.

सांगायला माणूस होतं.
हेदर ओल्डरॉइड, इंग्लंडची आठ नंबर.
सोळा वर्षं तिच्या रोजच्या खुर्चीचे ब्रेक
मीच आवळतो, दर सहा महिन्यांनी,
पैसे घेतो आणि वर शिव्या खातो.
परवा दारातून ओरडली,
"फितूर! किती देतायत?"
मी म्हटलं, जेवण आणि एक टोपी.

पहिली कसोटी त्यांची, दुसरी ह्यांची.
तिसरीला बाकांवर जागा नाही,
चहाच्या कपांची वाफ काचेला चिकटलेली.
चेंडू मागेच द्यायचा, पुढे स्वतः जायचं.
दंडावरची पट्टी ओढली
चर्र
की गडी धरला गेला.
सहा वेळा धरला की चेंडू समोरच्यांचा.
मनात म्हणत होतो, बसून खेळायची कबड्डी,
तेवढ्यात हेदर आडवी घुसली
आणि पितळी हंडा जिन्यावरून सुटावा
तसा आवाज झाला.
लॅकलन खुर्चीसकट पालथा.
दोघं पट्ट्यांनी बांधलेले, दोघं हसतायत.
मी मात्र हातातला पाना घट्ट धरून.

अडतीस-अडतीस. चार मिनिटं.
लॅकलन माझ्याकडे आला, डावं चाक बसलेलं.
ट्यूब घातली, पंप लावला.
दहा पौंड हवा कमी ठेवली
तर खुर्ची ऐन वळणावर किंचित ओढेल.
कुणाला कळणार नाही.
हेदरलाही नाही,
आणि ती तिच्या जन्मगावात जिंकेल.

पंपाचा दांडा वर होता.
माझे वडील उधारीच्या गिऱ्हाइकालाही
काटा बघूनच हवा भरायचे,
मला वाटायचं, भित्रा माणूस.

मी काटा बघितला.

त्याच चाकावर तो उजवीकडे बघत
डावीकडे घुसला.
बेचाळीस.

मग शिट्टी, मिठ्या, कुणाचं तरी बाळ रडतंय.
आणि लॅकलनने कमरेची पट्टी सोडली,
उठला,
आणि चालत जाऊन मशीनमधून चॉकलेट काढलं.

मी बघतच राहिलो.
घशापर्यंत काहीतरी आलं, राग म्हणा.
हेदर शेजारी येऊन थांबली होती,
कपाळावर घाम, एक बाही फाटलेली.
"चालतं की. नियम आहे तसा.
खुर्चीत बसल्यावर पाय कुणाचे मोजतोस?
त्याचे खांदे बघितलेस? डुक्कर आहे नुसता."
थोडं थांबून म्हणाली,
"चाक तू भरलंस ना?"
मी हो म्हटलं.
"पूर्ण?"
पूर्ण.
ती मैदानाकडे बघत राहिली,
जिथे दोन मुलगे फरशीवरचे
रबराचे काळे ओरखडे पुसत होते.
मग वळली. गेली.
डाव्या ब्रेकची कुरकूर मला लांबपर्यंत ऐकू आली.

सोमवारी दुकान उघडलं.
मंगळवारी पाऊस.
टोपी मापाला मोठी निघाली.
स्वेटर धुवायला काढला तर कोपराला
चिकटलेली एक निळी पट्टी, आठ नंबर लिहिलेली,
कुठल्या चाकातून माझ्याकडे आली कोण जाणे.
ओढली,
चर्र,
लोकरीचा धागा घेऊनच निघाली.

गल्ल्यात ठेवलीय.
ब्रेक आवळायला येईल तेव्हा देईन.
सहा महिने होत आलेत.